तबकडी तीच, आवाज वेगळा का?

समजा मलकापुरातल्या एखाद्या घराच्या माळ्यावर जुन्या ध्वनिमुद्रिकांची पेटी सापडली. कराडपासून सांगली-मिरजेपर्यंतचा हा सारा टापू गाणे ऐकणारा. मिरजेत राहिलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली निवर्तले. त्यांचा आवाज आज आपल्या कानी पडतो तो अशा तबकड्यांमुळेच. पेटीबरोबर रेकॉर्ड प्लेअरही मिळाला. तबकडी नीट फिरते, पण आतला प्रवर्धक म्हणजे अॅम्प्लिफायर बंद पडला आहे. म्हणून कोणी पिकअपची तार थेट आजच्या प्रवर्धकाला किंवा संगणकाला जोडतो. आवाज येतो खरा, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. मग "तबकडी झिजली" असा निकाल लागतो आणि पेटी भंगारात जाते.

हा निकाल पुष्कळदा चुकीचा असतो. आवाज खाचेत शाबूत असतो, तो हरवतो तारेच्या दुसऱ्या टोकाला. कसा, ते पाहू.

घेणाराही वाटेकरी

ज्या गावात ठरावीक वेळीच पाणी सुटते, तिथे सगळे नळ एकदम उघडतात आणि शेवटच्या घरी धार बारीक होते. मलकापुरात २००९ च्या सुमारास मीटर बसवून चोवीस तास पाणी देण्याची योजना सुरू झाली. पाणी कधीही मिळू लागले, की सर्वांनी एकाच वेळी नळ उघडण्याचे कारण उरत नाही आणि दाब टिकतो. थोडक्यात, नळाला किती दाब मिळेल हे टाकीच्या उंचीवर जसे ठरते, तसेच पाणी घेणारा किती ओढतो यावरही ठरते.

विजेचेही असेच आहे. दीड व्होल्टचा कोरडा घट घ्या आणि त्याच्या एका टोकाला १ मेगओहमचा, म्हणजे दहा लाख ओहमचा रोधक जोडा. आता रोधकाचे मोकळे टोक आणि घटाचे दुसरे टोक यांमधील विभवांतर मोजा. अंकदर्शक मीटरचा स्वतःचा रोध बहुधा १० मेगओहम असतो. तो सुमारे १.३६ व्होल्ट दाखवील. ज्या काट्याच्या मीटरचा रोध ५० हजार ओहम आहे, तो मात्र जेमतेम ०.०७ व्होल्ट दाखवील! घट तोच, रोधक तोच. मीटरच मंडलाचा भाग झाला आणि त्याने विभवांतर खाली ओढले. याला भार पडणे म्हणतात. लक्षात ठेवा, जोडलेला रोध जितका कमी, तितका भार जास्त.

पिकअपच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. तिथे भार सर्व स्वरांना सारखा कापत नाही.

स्फटिकाची गळकी घागर

जुन्या घरगुती प्लेअरमध्ये बहुधा स्फटिकाचे किंवा सिरॅमिकचे पिकअप असे. काही पदार्थ दाबले किंवा वाकवले की त्यांच्या पृष्ठांवर विद्युत्‌भार जमतो. हा दाबविद्युत् परिणाम झाक आणि प्येर क्यूरी या भावांनी १८८० मध्ये शोधला. सुई खाचेतून हलते, स्फटिक वाकतो आणि भार जमतो. विजेच्या दृष्टीने हे पिकअप म्हणजे एक लहानसे धारित्र. त्याची धारिता १००० पिकोफॅराड धरू.

त्याला जोडलेला रोध म्हणजे घागरीचे भोक. घागर भरते आहे आणि भोकातून गळतेही आहे. झरझर भरली तर गळायला वेळ मिळत नाही. सावकाश भरली तर भरता भरताच रिकामी होते. उच्च स्वरांची कंपने झरझर होतात, म्हणून ते तरतात. खर्जाची कंपने सावकाश होतात, म्हणून तो गळून जातो. गळतीला किती वेळ लागतो ते रोध आणि धारिता यांच्या गुणाकाराने कळते. १ मेगओहमला हा काल १ मिलिसेकंद येतो, तर ४७ हजार ओहमला त्याच्या सुमारे एकविसाव्या हिश्श्याइतका.

कोणत्या कंप्रतेखाली गळती जाणवू लागते, ते या सूत्राने काढता येते:

सीमा-कंप्रता = १ ÷ (२ × ३.१४ × रोध × धारिता)

१ मेगओहमला उत्तर सुमारे १६० हर्ट्झ येते, ४७ हजार ओहमला सुमारे ३४०० हर्ट्झ! काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा असतो. १ मेगओहमचा भार असेल तर या कंप्रतेचा सुमारे दोन-तृतीयांश भाग पोचतो. ४७ हजार ओहमचा असेल तर पंचविसाव्या हिश्श्याच्या आसपास. तरी गाणे ओळखू येते, कारण षड्जाचे वरचे उपस्वर शिल्लक असतात आणि त्यांवरून कान मूळ स्वर ताडतो. पट्टी कळते, पण आवाजातला गाभा गेलेला असतो.

वेटोळ्याचे उलटे गणित

चुंबकीय पिकअपमध्ये सुईबरोबर इवलेसे चुंबक तारेच्या वेटोळ्याजवळ हलते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखविलेल्या प्रवर्तनामुळे वेटोळ्यात विभवांतर निर्माण होते. वेटोळे जलद बदलांना विरोध करते आणि हा विरोध कंप्रतेबरोबर वाढतो. अर्ध्या हेन्रीच्या वेटोळ्याचा विरोध १०० हर्ट्झला ३१४ ओहम, तर १०,००० हर्ट्झला ३१,४०० ओहम असतो.

अशा पिकअपला १० हजार ओहमचा भार जोडला तर १०,००० हर्ट्झच्या स्वराचा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भाग बाहेर येतो. उरलेला वेटोळ्यातच अडकतो. म्हणजे जास्त भाराने स्फटिकाचा खर्ज जातो आणि वेटोळ्याची तीव्रता, झांजेची किणकिण जाते. कारण एकच, परिणाम उलटे!

मग वेटोळ्याला कितीही मोठा रोध चालेल का? नाही. जोडतारेलाही धारिता असते. वेटोळे आणि ही धारिता मिळून झोपाळ्यासारखे ठरावीक कंप्रतेला झुलू पाहतात. तार आणि प्रवर्धक मिळून २५० पिकोफॅराड असतील तर ही कंप्रता सुमारे १४,२०० हर्ट्झ येते. तार लांबवून ५०० केले तर ती सुमारे १०,००० वर उतरते. रोध फार मोठा असेल तर हा झोका आवरत नाही आणि आवाज कर्कश होतो. म्हणून अशा पिकअपसाठी ४७ हजार ओहम हे मूल्य सर्वत्र रूढ झाले.

उपाय एका रोधकाचा

स्फटिकाचे पिकअप ४७ हजार ओहमच्या साध्या खोबणीला जोडायचे असेल, तर मधे १ मेगओहमचा रोधक घाला. तो तारेच्या प्रवर्धकाकडील टोकाला असावा. दोन वाहिन्या असतील तर रोधकही दोन. आवाज सुमारे २२ पटींनी लहान होईल, पण खर्ज आणि तार यांचा समतोल राहील. लहान पण समतोल आवाज प्रवर्धकाने वाढवता येतो. खरखरीखाली दबून गेलेला खर्ज मात्र नुसता वाढवून नीट परत येत नाही. जुन्या प्लेअरच्या आतील सांगाड्यात घरातल्या विजेचा धक्का बसू शकतो. तेव्हा पेटी उघडायचे काम जाणकाराकडेच द्या.

आणि तबकडी टाकण्यापूर्वी एवढी परीक्षा करा. झिजलेल्या तबकडीत खरखर असते आणि जोराच्या जागी आवाज फाटतो. पण पेटीतल्या साऱ्याच तबकड्या सारख्याच पातळ वाजत असतील, तर दोष बहुधा तबकड्यांचा नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीला तिची जाड सुई लागते, हेही तपासा.

सोडवून पाहा

१. ५०० पिकोफॅराडच्या पिकअपला १ मेगओहमचा भार दिला तर सीमा-कंप्रता किती? (उत्तर सुमारे ३२० हर्ट्झ यायला हवे.) खर्ज टिकवायला रोध वाढवावा की कमी करावा?

२. वरील प्रयोगात १ मेगओहमऐवजी १ हजार ओहमचा रोधक घेतला, तर दोन्ही मीटर जवळजवळ सारखेच का दाखवतील?