घरातील तंटे आणि पालकांचे अभ्यासवर्ग

मुलांच्या शिक्षणाचा विचार आपल्याकडे पुष्कळ झाला आहे. पालकांच्या शिक्षणाचा मात्र त्या मानाने फारच थोडा. घरात वाद उद्भवला की आई-वडील आपल्या बालपणी जे पाहिले तेच करतात. एक तर धाक दाखवितात, नाही तर कंटाळून माघार घेतात. या दोहोंपलीकडे तिसरा मार्ग आहे आणि तो शिकता येतो, या जाणिवेतून पालकवर्गांची कल्पना पुढे आली.

पूर्वपीठिका

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना येथे आल्फ्रेड आडलर यांनी बालमार्गदर्शन केंद्रे चालविली. तेथे एका कुटुंबाच्या अडचणीची चर्चा इतर पालक व शिक्षक यांच्यासमक्ष होत असे. त्यामुळे ऐकणाऱ्यांनाही आपल्या घराचे प्रतिबिंब त्यात दिसे. पुढे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, पॅसाडीना येथे, मानसशास्त्रज्ञ थॉमस गॉर्डन यांनी १९६२ मध्ये पालकांसाठी नियमित अभ्यासक्रम सुरू केला. त्यावरील त्यांचे पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले व ही पद्धती अनेक देशांत पोहोचली.

तीन मुख्य सूत्रे

पहिले सूत्र, अडचण नेमकी कोणाची हे ओळखणे. मुलाचे मित्राशी बिनसले, तर ती अडचण मुलाची. तेथे उपदेश, तुलना वा चौकशी न करता पालकाने ऐकावे आणि जे ऐकले ते आपल्या शब्दांत परत सांगावे. ‘मित्राने सर्वांदेखत हसे केले, याचे तुला वाईट वाटले,’ एवढे म्हटले तरी मूल पुढे बोलू लागते.

दुसरे सूत्र, अडचण पालकाची असेल तेव्हा दोषारोप न करता स्वतःविषयी बोलणे. ‘तू बेजबाबदार आहेस’ या वाक्याने मूल बचावाचा पवित्रा घेते. याउलट ‘तू न सांगता उशिरा आलीस की मला काळजी लागते, हातचे काम सुचत नाही,’ या वाक्यात वर्तन, भावना व परिणाम तिन्ही येतात आणि मुलीला विचार करण्यास वाव राहतो.

तिसरे सूत्र, कोणाचीही हार न होणारा तोडगा. त्याच्या सहा पायऱ्या आहेत : गरजा स्पष्ट करणे, शक्य ते उपाय सुचविणे, त्यांची पारख करणे, सर्वांना मान्य होईल तो निवडणे, अंमलबजावणी ठरविणे आणि काही काळाने फेरविचार करणे.

एक उदाहरण

समजा, सोळा वर्षांच्या मुलीस गणिताच्या शिकवणीस जावयाचे आहे. शिकवणी रात्री आठला सुटते. वडील म्हणतात, ‘जायचे नाही.’ मुलगी म्हणते, ‘जाणारच.’ येथे भांडण दोन उपायांचे आहे, गरजांचे नव्हे. मुलीची गरज गणित समजण्याची, वडिलांची गरज ती सुखरूप घरी येण्याची. गरजा अशा वेगळ्या काढल्या की सकाळचा वर्ग, मैत्रिणीची सोबत, वडिलांनी येताना तिला घेऊन येणे असे अनेक उपाय सुचतात. सुचविताना कोणताही उपाय हसण्यावारी नेऊ नये. निवडलेला उपाय पंधरा दिवस करून पाहावा व पुन्हा एकत्र बसावे. ज्या निर्णयात मुलीचा वाटा आहे, तो पाळण्याचा आग्रह तिला निराळा करावा लागत नाही.

वर्ग कसा चालवावा

दहा-बारा पालक वर्तुळात बसतील अशी सोय असावी. व्याख्यान थोडे, सराव अधिक. वडिलांनी मुलीची भूमिका घ्यावी व दुसऱ्या कोणी वडिलांची. आपलेच नेहमीचे वाक्य समोरून ऐकू आले की त्याची धार कळते. आजी-आजोबांचा शब्द चालत असलेल्या घरांतून त्यांनाही बोलावणे हिताचे ठरते.

बेळगाव, इंदूर, बडोदे यांसारख्या ठिकाणी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. घरात मराठी, शाळेत व मित्रांत कन्नड, हिंदी वा गुजराती अशी मुलांची स्थिती असते. मूल ज्या भाषेत रागावते, त्या भाषेतच त्याचे ऐकून घ्यावे. भाषा सुधारण्याची ती वेळ नव्हे. तसेच अशा वस्त्यांत बहुतेक जण एकमेकांच्या नात्यातले वा ओळखीचे असतात. म्हणून वर्गातील बोलणे बाहेर न्यावयाचे नाही, हा नियम पहिल्याच बैठकीत सर्वांकडून मान्य करून घ्यावा. तो एकदा मोडला तर पुढच्या बैठकीस कोणी मोकळेपणाने बोलणार नाही.

मर्यादा

प्रत्येक तंटा अशा वर्गात सुटत नाही. जेथे मारहाण, व्यसन वा मुलाचे शोषण आहे, तेथे वाटाघाटीचा सल्ला देणे म्हणजे दुर्बलास पुन्हा संकटात लोटणे होय. अशा वेळी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, बालकांसाठी असलेली १०९८ ही दूरध्वनी सेवा आणि वैद्यकीय साहाय्य यांचाच आधार घ्यावयास हवा. संचालकाने हा फरक प्रारंभीच ओळखला पाहिजे.

वर्गामुळे घरातील मतभेद नाहीसे होणार नाहीत, तशी अपेक्षाही नाही. मतभेद झाल्यावरही मुलाला घरात बोलावेसे वाटावे, एवढे साधले तरी पालकांचे श्रम सार्थकी लागले असे म्हणता येईल.