होस्टेलच्या खोलीबाहेरची ओळख

प्रश्न : मी विद्यापीठाच्या नांदेड परिसरात, रसायनशास्त्र संकुलात एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. करिअर मार्गदर्शनाला येणारा प्रत्येक वक्ता ‘नेटवर्क वाढवा’ एवढं सांगून निघून जातो. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. माझं नेटवर्क म्हणजे तीन रूममेट आणि वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप. ज्याच्या मामाची ओळख त्याला नोकरी, हेच लहानपणापासून बघत आलेय. मग हा वशिलाच ना, फक्त सूटबूट घातलेला?
— एक विद्यार्थिनी, विष्णुपुरी, नांदेड

उत्तर : तुमचा संशय रास्त आहे. पण मामा आणि नेटवर्क यांत फरक आहे, आणि तो कुणीतरी मोजूनही ठेवलाय. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावात, नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना गाठून विचारलं : ज्याच्याकडून या जागेची खबर लागली, त्याला त्या काळात तुम्ही किती वेळा भेटत होतात? ओळखीतून नोकरी लागलेले ५४ जण होते. त्यांतले जेमतेम १७ टक्के त्या माणसाला आठवड्यातून दोनदा तरी भेटत होते. ५५ टक्क्यांहून थोडे जास्त लोक अधूनमधून भेटणारे, आणि जवळपास २८ टक्के वर्षातून एखाद्या वेळी किंवा तेवढेही नाही. १९७३ साली हा निबंध छापून आला आणि समाजशास्त्रात गाजला. २०२२मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवर याच कल्पनेची पुन्हा तपासणी झाली, तेव्हाही नोकरी बदलायला फार जवळच्यांपेक्षा बेताच्या ओळखीचेच जास्त उपयोगी पडताना दिसले.

याचं कारण तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच सापडेल. एकच जाहिरात चौघी जणी फॉरवर्ड करतात. तुमच्या रूममेटला जे माहीत, ते तुम्हालाही माहीत. नवी खबर दुसऱ्या वर्तुळात वावरणारा माणूसच आणू शकतो. मामा शब्द टाकतो. लांबचा माणूस तुमच्यासाठी शब्द टाकत नाही, टाकणारही नाही. तो एवढंच सांगतो की आमच्या लॅबमध्ये जागा निघणार आहे, अर्ज कर. पुढची मुलाखत तुमची तुम्हालाच द्यायची असते.

आता हे लांबचे लोक नांदेडात कुठे भेटायचे? पुण्याकडे तोंड करून बसायची आपल्याला सवय लागलीय. नांदेडहून पुणे साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, हैदराबाद तीनशेच्याही आत. १९५०मध्ये सुरू झालेलं नांदेडचं पीपल्स कॉलेज तेव्हा हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेलं होतं. मराठवाडा विद्यापीठ १९५८मध्ये आलं, आणि त्यातून तुमचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ निघालं ते १९९४मध्ये. म्हणजे शिक्षणासाठी हैदराबादकडे बघणं ही इथली जुनीच वाट आहे, मधल्या काळात गवत वाढलं एवढंच. रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीला तर ती वाट फारच सोयीची. जीडीमेटला, बोल्लाराम, पाटणचेरू या भागांत औषधी कंपन्यांची रांग आहे. निजामाच्या काळात, १९४४ साली सुरू झालेल्या प्रयोगशाळेतून वाढलेली आयआयसीटी ही रसायनशास्त्राची राष्ट्रीय संस्था तिथे आहे. शिवाय सीसीएमबी, एनजीआरआय या संशोधन संस्था आणि हैदराबाद विद्यापीठ. तुमच्याच संकुलातून एमएस्सी झालेली, कंपनीच्या गुणवत्ता तपासणी विभागात (क्यूसी) एचपीएलसी यंत्र चालवणारी माणसं त्या भागात सापडतील. शोधायची कशी? संकुलाच्या ऑफिसात आणि सरांच्या फोनमध्ये मागच्या चार-पाच बॅचेसचे नंबर असतात. ‘सर, हैदराबादला कोण आहे?’ एवढं विचारा. त्या सीनियरला मात्र ‘दादा, जॉब आहे का?’ असा मेसेज टाकू नका. त्याला विचारा की वॉक-इनला गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय विचारतात, आणि एमएस्सीत शिकलेलं कुठलं यंत्र खरंच हाताळता यावं लागतं. स्वतःच्या कामाबद्दल कुणी विचारलं की माणूस भरभरून बोलतो. जागेचा विषय पुढे तोच काढतो.

दुसरी जागा तर तुमच्या अभ्यासक्रमातच आहे : ओजेटी. नव्या शैक्षणिक धोरणात एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला चार क्रेडिटचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आलं, आणि आपल्याकडे त्याचं काय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. ओळखीच्या लॅबवाल्याचा सही-शिक्का, आणि झालं प्रशिक्षण! म्हणजे ज्या चार क्रेडिटांनी मामा नसलेल्या मुलीला कंपनीत पाय ठेवायला मिळावा, तीच चार क्रेडिटं मामाकडून सही आणून संपवायची. हे करू नका. पगार नसला तरी चालेल, पण खऱ्या ठिकाणी जा.

तोंडी परीक्षेला बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनाही आपण घाबरून विसरून जातो. त्यांना तुमच्या प्रोजेक्टबद्दल एक प्रश्न तुम्ही विचारून बघा, आणि त्यांचा ईमेल घ्या. ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेत पोस्टर लावा. बक्षीस मिळो न मिळो, जिल्ह्याच्या, विद्यापीठाच्या, जमलं तर राज्याच्या फेरीत अनोळखी लोक तुमच्या कामासमोर उभे राहतात, आणि फुकट सल्ला देतात.

प्रश्न : आमची लेक बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स-मॅथ्स. नीटमध्ये मार्क कमी पडले म्हणून बीएस्सीला गेली, पण आता तिला गोडी लागलीय. उन्हाळ्यात दोन महिने संशोधन संस्थेत जायचं म्हणते. अशा योजना खऱ्या असतात का? खर्च किती? आणि पुढे पोटापाण्याचं काय?
— एक पालक, अहमदपूर, जि. लातूर

उत्तर : खऱ्या असतात, आणि सगळ्यांत जुन्या-जाणत्यांपैकी एक म्हणजे देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांची समर रिसर्च फेलोशिप. बंगळुरूची इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेस (सी. व्ही. रामन यांनी १९३४मध्ये काढलेली), दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी मिळून ती चालवतात. निवड झाली तर एखाद्या नामांकित संस्थेतल्या शास्त्रज्ञाकडे दोन महिने काम करायचं. दरमहा छात्रवृत्ती मिळते आणि जाण्या-येण्याचं रेल्वेभाडंही. म्हणजे घरून फारसं काही घालावं लागत नाही.

अडचण पैशाची नाही, तारखेची आहे. उन्हाळ्याच्या या फेलोशिपचा अर्ज आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेरपर्यंत भरायचा असतो. तेव्हा आपली मुलं सेमिस्टर परीक्षेच्या धामधुमीत असतात आणि कॉलेजच्या नोटीस बोर्डावर क्रीडा महोत्सवाचं पत्रक असतं. मार्चमध्ये कुणीतरी सांगतं की अरे, असं असं असतं. अर्जात दहावीपासूनच्या गुणांची माहिती, काय करायची इच्छा आहे याचं छोटं टिपण आणि एका शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. टिपण तिचं तिनेच लिहायला हवं. नेटवरून उचललेलं टिपण वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. शिफारसपत्रासाठी मात्र सरांकडे ऑक्टोबरमध्येच जावं, शेवटच्या रात्री नव्हे.

गणिताकडे ओढा जास्त असेल तर एमटीटीएस हे १९९३पासून चालणारं उन्हाळी शिबिर बघा. प्रश्न सोडवण्यापेक्षा प्रश्न विचारायला लावणारं ते शिबिर आहे. लातूर पॅटर्नमध्ये तयार झालेल्या मुलांना सुरुवातीला ते जड जातं. वेगाने बरोबर पर्याय निवडायची सवय तिथे कामाची नाही. एकाच गणितावर आठवडाभर बसायची तयारी लागते, आणि देशभरातून आलेली तशीच पोरं तिथे भेटतात. पुढच्या वीस वर्षांच्या ओळखी अशाच ठिकाणी होतात.

पोटापाण्याचं विचारलंत. आयआयटीत एमएस्सीला जायचं तर फेब्रुवारीत होणारी जॅम परीक्षा, पुढे सीएसआयआर-नेट. त्यातून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३पासून दरमहा ३७ हजार रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. शिकवायचं असेल तर सेट आहे. या परीक्षांच्या तयारीसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्था आपापल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना मदत करतात, त्यांच्या संकेतस्थळांवर लक्ष ठेवा. आणि ‘नीटमध्ये कमी पडले म्हणून’ हे वाक्य आता घरात बोलू नका. दोन वर्षं झाली त्याला.

प्रश्न : मी लातूरला बीएस्सी तिसऱ्या वर्षाला, मायक्रोबायोलॉजी. पुणे-हैदराबादच्या कितीतरी प्राध्यापकांना इंटर्नशिपसाठी मेल टाकले, एकाचंही उत्तर नाही. इंग्रजी कच्चं म्हणून असेल का?
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : इंग्रजीमुळे नाही. सगळ्यांना एकच मेल टाकला असणार, नाव बदलून. सुरुवातीला स्वतःची ओळख, मग ‘आपल्या थोर मार्गदर्शनाखाली’ वगैरे, शेवटी बायोडेटा. असा मेल उघडतात आणि मिटतात.

जयंत नारळीकरांची गोष्ट प्रसिद्ध आहे. स्वाक्षरी मागायला आलेल्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तरात सही करून पाठवतो. एवढ्या मोठ्या माणसाला पत्र लिहायचं तिकीट म्हणजे एक प्रश्न, बस. तुमच्याही मेलमध्ये तो हवा. त्या प्राध्यापकाचा एक शोधनिबंध वाचा. सगळा कळणार नाही, निदान सारांश आणि पद्धत कळेल. मग लिहा : आमच्या चिबड रानात सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी कमी दिसतात, तुमच्या निबंधातल्या जिवाणूच्या जाती पाणी साचलेल्या जमिनीत तग धरतात का? खाली दोन ओळींत, हाताला काय येतं ते : ग्रॅम स्टेनिंग, स्ट्रीकिंग, मीडिया तयार करणं. कुठल्या तारखांना मोकळे आहात ते, आणि तुम्हाला ओळखणाऱ्या एका शिक्षकाचं नाव. मोडक्या इंग्रजीतला असा मेल सफाईदार इंग्रजीतल्या पोकळ मेलपेक्षा उजवा. दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या.

आणि दरवेळी लांबच कशाला? लातुरातच कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठाचं गळीतधान्य संशोधन केंद्र आहे. तिथे मेलची गरज नाही, सकाळी जाऊन भेटता येतं. हैदराबादलाच जायचं म्हणत असाल तर पाटणचेरूला इक्रिसॅट आहे, कोरडवाहू पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तूर, हरभरा, ज्वारी हे तिचे विषय. शेतकऱ्याच्या पोराला तिथे बोलायला विषय शोधावा लागणार नाही.

प्रश्न : लिंक्डइनवर खातं असलंच पाहिजे का?
— एक विद्यार्थिनी, उदगीर

उत्तर : असलेलं बरं. नाव, विषय, हाताला येणारी यंत्रं, प्रोजेक्टचं एक वाक्य, एवढं पुरे. सुप्रभातचे फोटो आणि ‘ही गोष्ट सांगताना अत्यंत आनंद होत आहे’ छापाच्या पोस्ट टाकायच्या नसतील तर वेळही वाया जात नाही. त्याचा खरा उपयोग शोधण्यासाठी करा : आपलं कॉलेज निवडा आणि तिथून शिकलेले आज कुठे आहेत ते बघा.

प्रश्न : औंढ्याला लायगो येतंय म्हणून दहा वर्षं ऐकतोय. आमच्या पोरांना त्यात सुरक्षारक्षकाच्या पलीकडे काही मिळणार आहे का?
— फिजिक्सचे एक प्राध्यापक, वसमत

उत्तर : सर, तुमचा वैताग समजतो. गुरुत्वीय लहरी सापडल्याची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ला झाली आणि आठवड्याच्या आत केंद्राने त्या लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेला तत्त्वतः मंजुरी दिली. प्रत्यक्ष २६०० कोटींना मान्यता मिळायला एप्रिल २०२३ उजाडलं. काटकोनातल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतल्या नळ्यांत जवळजवळ संपूर्ण निर्वात पोकळी, लेसर, आरसे, आणि रात्रंदिवस जमणारी माहिती. हे सगळं चालवायला फक्त सिद्धांत जाणणारे पुरत नाहीत. व्हॅक्यूम पंप, इलेक्ट्रॉनिक्स, पायथॉन यांत हात बसलेली माणसं लागतात, आणि ती बीएस्सी-एमएस्सीतूनच येतात.

पण ती जागा ‘स्थानिक’ म्हणून मिळेल या भरवशावर राहू नका. या प्रकल्पात पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि इंदूरचं राजा रामण्णा केंद्र आहे. औंढ्यातल्या खुर्चीची वाट सध्या तरी या तीन गावांतून जाते. आयुका तर विद्यापीठांसाठीच काढलेली संस्था आहे. विद्यार्थ्यांना सुट्टीतले प्रकल्प देते आणि कॉलेजच्या शिक्षकांना तीन वर्षांसाठी सहयोगी म्हणून नेमते. त्या काळात तिथे जाऊन राहता येतं, ग्रंथालय आणि संगणक वापरता येतात. अहमदपूरच्या पालकांना सांगितलेली अकादम्यांची फेलोशिपही फक्त मुलांसाठी नाही, शिक्षकांनाही तिथे अर्ज करता येतो. या नोव्हेंबरमध्ये वर्गातल्या दोघांचे अर्ज भरताना तिसरा तुमचा भरा.