मुद्दल हलत नाही, मग मन कसं टिकेल?

प्रश्न : सर, आमचं गाव सिंदेवाही तालुक्यात. तीन एकर धानाची शेती आहे, आणि यजमान ठेकेदाराकडे रोजीवर जातात. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी गावातल्याच एकाकडून ८०,००० घेतले, महिन्याला शेकडा पाच. ते फेडायला गटातून दोन कंपन्यांचं कर्ज उचललं. त्याचे आता ३८,००० आणि ५२,००० बाकी आहेत, हप्ते २,६०० आणि ३,१००. दागिने ६०,००० वर गहाण आहेत. सोसायटीचं पीककर्ज ७०,०००. सगळं मिळून तीन लाख. दर महिन्याला ९,७०० नुसते भरण्यात जातात, तरी तीन लाख म्हणजे तीनच लाख. यजमान म्हणतात, कर्जमाफी येईल, तोवर थांब. मला रात्री झोप येत नाही. भरायची इच्छाच मेली आहे. मनाला उभारी कशी द्यावी?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, उभारी गेली यात तुमच्या मनाचा दोष नाही. महिन्याला ४,००० भरून ८०,००० चे ८०,००० च राहत असतील, तर कोणीही थकेल. तुम्ही कर्ज फेडत नाही आहात, फक्त व्याज पोसत आहात. म्हणून आधी हिशेब नीट करू, मनाचं नंतर पाहू.

पहिला हिशेब गावातल्या त्या गृहस्थांचा. शेकडा पाच महिन्याने म्हणजे वर्षाला साठ टक्के. ‘महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४’ प्रमाणे परवाना असलेल्या सावकारालासुद्धा शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. शेतकरी नसलेल्यांसाठी हेच दर १५ आणि १८ आहेत. चक्रवाढ चालत नाही, आणि व्याजाची एकूण वसुली मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. तुम्ही दोन वर्षांत ९६,००० भरलेत. मुद्दल ८०,०००. ही मर्यादा केव्हाच ओलांडली गेली आहे.

आता हेच पैसे कायद्याच्या दराने मांडून पाहा. बारा टक्क्यांनी दोन वर्षांचं व्याज होतं १९,२००. उरलेले ७६,८०० मुद्दलात धरले, तर बाकी राहतात ३,२००. तुमचं कर्ज दवाखान्यासाठी होतं म्हणून कोणी वाद घातला आणि अठरा टक्के धरले, तरी १२,८०० च्या पुढे आकडा जात नाही. दोन वर्षं उरावर बसलेला ८०,००० चा डोंगर कागदावर एवढाच आहे.

निबंधक कार्यालय काय ठरवील, हे मी आज सांगू शकत नाही. पण तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था या कार्यालयात जाऊन त्या माणसाकडे परवाना आहे का, एवढं आधी विचारा. नसेल तर विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि अशा माणसाला कोर्टातून वसुलीचा हुकूमही मिळत नाही. कोऱ्या स्टॅम्पवर सही किंवा कोरा चेक दिला असेल तर तेही अर्जात लिहा. आजवर काय काय दिलं ते तारखेसह आठवून लिहून काढा आणि साक्षीदारांची नावं जोडा. यापुढे त्यांच्या हातात रोख देऊ नका. मुद्दल बुडवा असं मी सांगत नाही. दिलेलं मुद्दलात धरलं गेलं पाहिजे, एवढंच. वकील परवडत नाही म्हणून घाबरू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

‘गावातल्या माणसाची तक्रार कशी करायची’ हा प्रश्न मनात येणारच. २०२५ च्या डिसेंबरात तुमच्या शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सावकारांच्या तगाद्यापायी किडनी विकल्याचं सांगितलं, तेव्हा अटका झाल्या आणि जिल्हा हादरला. कायदा त्याआधी अकरा वर्षं पुस्तकात होताच. त्याचा वापर करायला कोणीतरी लवकर, किडनीच्या कितीतरी आधी, कार्यालयाची पायरी चढायला हवी.

आता यजमानांच्या म्हणण्याकडे. त्यांना वेड्यात काढू नका. २०१७ ला माफी झाली, २०१९ ला दोन लाखांपर्यंत झाली, माणूस अनुभवावरूनच आशा धरतो. पण त्या माफ्या मुख्यतः पीककर्जाच्या होत्या. तुमच्या तीन लाखांत पीककर्ज ७०,००० चं. उरलेल्या २,३०,००० ना तशी कर्जमाफी शिवणार नाही, आणि यजमान थांबले तरी या कर्जांचं व्याज थांबणार नाही. शिवाय मुदतीत भरलेल्या पीककर्जाला तीन लाखांपर्यंत शून्य टक्के व्याज पडतं. घरातलं सगळ्यात स्वस्त कर्ज तेच. धानाचे चुकारे खात्यात आले की सोसायटी आधी, आणि नवं कर्ज पुन्हा वेळेवर उचला. बोनस जाहीर झाला तरी पैसे हातात पडेपर्यंत तो हिशेबात धरू नका.

सावकाराचे ४,००० मोकळे झाले की ते घरखर्चात विरघळू देऊ नका. ते ३८,००० च्या खात्याकडे वळवा. २,६०० आणि ४,००० मिळून ६,६०० झाले. कंपनीचा दर साधारण २४ टक्के धरला, तर हे खाते सव्वासहा-सात महिन्यांत बंद होतं. नाहीतर त्याला दीड वर्ष लागलं असतं. नंतर संपूर्ण ९,७०० दुसऱ्या खात्यावर टाकले की आणखी चारेक महिन्यांत तेही संपतं. म्हणजे एकवीस महिन्यांचं काम अकरा महिन्यांत, आणि यात तेंदूपत्त्याच्या हंगामी कमाईचा एक पैसाही मी धरलेला नाही. सूक्ष्म कर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड घेता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. जादा रक्कम सुटी-सुटी घ्यायला कंपनी कुरकुरली तर ती पोस्टात साठवा आणि एकदम भरून खाते बंद करा. ‘बाकी नाही’ असा दाखला त्याच दिवशी मागा.

धोका खाते बंद झाल्यावर सुरू होतो. ‘ताई, तुमचा रेकॉर्ड चांगला आहे, आता साठ हजार देतो,’ असं म्हणणारा माणूस दारात उभा राहीलच. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. कंपनीने तो हिशेब केला असेल-नसेल, तुम्ही तुमचा करा. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर वसुलीचे फोन करणं, शिवीगाळ, धमकी हे सगळं निषिद्ध आहे. गटातल्या बायकांनी तुमच्या वतीने भरलं असेल तर ते मात्र त्यांचे पैसे. ते आधी चुकते करा, कारण गावात उद्या त्याच लागणार आहेत.

आता मनाचं. अमेरिकेत डेव्हिड गाल आणि ब्लेकली मॅकशेन या दोघांनी कर्जफेड करणाऱ्यांची माहिती तपासून २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा, की किती रुपये कमी झाले यापेक्षा किती खाती बंद झाली, यावरून माणूस कर्जमुक्त होणार का याचा अंदाज जास्त चांगला येतो. मला तो पटतो. महिन्याला बाकी पाहून फक्त निराशा येते. म्हणून वहीत हप्ता दरमहा लिहा, पण एकूण बाकी वर्षात दोनदाच काढा: चुकाऱ्यानंतर जानेवारीत, आणि तेंदूपत्त्याचा हंगाम आटोपल्यावर जूनमध्ये. तुमचं उत्पन्न हंगामावर चालतं, हिशेबही हंगामावरच चालू द्या. आणि ही वही यजमानांच्या हातून लिहून घ्या. वाट पाहणाऱ्या माणसाला लिहायला लावलं की वाट थोडी कमी पाहिली जाते.

मंडईच्या जत्रेला पाहुणे येतील, खर्च होईल. त्यासाठी रक्कम आधीच बाजूला काढा आणि एक झाडीपट्टीचं नाटक बघा. सगळा आनंद बंद करून फेडायला निघालेली घरं चौथ्या महिन्यात कंटाळतात, आणि मग एकाच सणात दुप्पट उडवतात.

झोप बरेच दिवस लागत नसेल किंवा नकोसे विचार येत असतील तर आज रात्रीच १४४१६ वर फोन करा. ‘टेलीमानस’ ही सरकारी सेवा मोफत आहे, मराठीत बोलते.

प्रश्न : धानोरा तालुक्यातून लिहितो. वडिलांनी २५,००० घेतले तेव्हा वनहक्काचा पट्टा सावकाराने ठेवून घेतला. आता तो म्हणतो, पैसे फिटेपर्यंत शेत मी करणार. तीन वर्षं फेडतोय, हिंमत उरली नाही.

उत्तर : दादा, वनहक्काचा पट्टा वारसाला जातो, विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. २००६ च्या कायद्यातच तसं लिहिलं आहे. म्हणजे सावकाराकडे जो आहे तो फक्त कागद, जमीन नव्हे. सातबाऱ्याची दुसरी जमीन असेल तर तीही, तुम्ही आदिवासी असाल तर, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीकडे जात नाही. पट्ट्याची नोंद सरकारी दप्तरात असतेच. उपविभागीय अधिकारी कार्यालयात प्रतीसाठी अर्ज द्या. जमीन बळकावल्याची तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे जाते, आणि सावकारीतून गेलेली जमीन पंधरा वर्षांच्या आत असेल तर परत करण्याचा हुकूम ते देऊ शकतात.

तुमचा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने आदिवासींना होणाऱ्या सावकारीवर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभेकडे येतो, हे सावकारालाही ठाऊक नसेल. विषय ग्रामसभेत ठरावासाठी मांडा. तुमच्याच तालुक्यात मेंढा-लेखा आहे. सामूहिक वनहक्क मिळवून २०११ पासून बांबू स्वतः विकणारी ती ग्रामसभा. तुमच्या ग्रामसभेकडे तेंदू-बांबूचा निधी असेल, तर त्यातून उचल मिळते का, हेही त्याच बैठकीत विचारा. अर्ज जिथे जिथे द्याल तिथे दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय निघू नका.