कॉमेंट यूट्यूबवर, खातं गूगल प्लसचं!

प्रश्न : काही वर्षांपूर्वी यूट्यूबवर साधी कॉमेंट टाकायची तरी ‘गूगल प्लस’ या गूगलच्या सोशल नेटवर्कचं खातं काढावं लागे. कुणी न मागितलेली ही सक्ती एवढ्या हुशार कंपनीला सुचली कशी?

उत्तर : नोव्हेंबर २०१३ मध्ये ही सक्ती आली, तेव्हा यूट्यूबचे एक संस्थापक जावेद करीम यांनीही जाहीरपणे हेच विचारलं होतं. म्हणजे शंका रास्त आहे!

मूळ २०११ मधलं. फेसबुक झपाट्याने वाढत होतं आणि गूगलला त्याची धास्ती होती. एप्रिलमध्ये लॅरी पेज गूगलचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. त्याच सुमारास बातमी आली, की त्या वर्षी कर्मचाऱ्यांचा बोनस कंपनीच्या ‘सोशल’ यशापयशानुसार २५ टक्क्यांपर्यंत वर-खाली होणार. जूनमध्ये गूगल प्लस सुरू झालं. बोनसचा तो हिशेब त्या वर्षापुरता होता. पण साहेबांना काय हवंय, हे सगळ्यांना उमगलं.

आता यश मोजायचं कसं? सर्वांत सोपा आकडा सदस्यसंख्येचा. आणि ती वाढवायची सोपी युक्ती म्हणजे, गूगलच्याच यूट्यूबवर लोक येतातच, तिथेच प्लसचं खातं सक्तीचं करायचं. डेअरीने फॅट न बघता नुसत्या लिटरवर दर दिला, तर कॅनमध्ये पाणी वाढणारच. इथेही तसंच झालं. खाती फुगली, वापर नाही. बहुतेक वेळा लोक ५ सेकंदांच्या आत बाहेर पडतात, हे गूगलनेच २०१८ मध्ये सांगितलं. सक्ती मागे घेण्याची घोषणा २०१५ मध्येच झाली होती. एप्रिल २०१९ मध्ये सामान्यांसाठीचं गूगल प्लसही बंद झालं.

अशा वेळी ‘कंपनीला अक्कल नाही’ असं आपण म्हणतो. पण कंपनी हे काही एकच डोकं नसतं. तिथले हजारो जण आपापलं उद्दिष्ट, बढती आणि बोनस बघून निर्णय घेतात. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा असतो, बेरीज मात्र विचित्र येते.

मग बोनसच वाईट का? तसंही नाही. सुरक्षेतल्या त्रुटींवरून टीका झाल्यावर मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मोबदल्याचा काही भाग सुरक्षेच्या कामाशी जोडला. साधन तेच, मोजमाप वेगळं. तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या ॲपमध्ये नको तिथे नवं बटण दिसलं, की ‘हे कुणाला हवं होतं?’ यापेक्षा ‘यातून कुणाचा कुठला आकडा वाढतो?’ असं विचारा. उत्तर लवकर सापडेल.