मूल कोठे उभे आहे?

शास्त्रपाठ : मार्क ९:३३-३७

आपल्यांत मोठा कोण, असा वाद शिष्य वाटेने घालीत आले होते. कफर्णहूमास घरी आल्यावर प्रभूने एक बालक घेऊन त्यांच्या मध्ये उभे केले. ज्या बालकाची वादात कोणी दखलही घेतली नव्हती, त्याचा स्वीकार म्हणजे आपलाच स्वीकार, असे त्याने शिकविले. या पाठाचा आपल्या घरांशी काय संबंध आहे, ते पाहू.

१. राज्याचे काम : महाराष्ट्रात २००५ साली राजमाता जिजाऊ मिशन सुरू झाले. गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतच्या १००० दिवसांवर त्याचा भर होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यात पाच वर्षांखालील वाढ खुंटलेली मुले २००५-०६ मध्ये शेकडा ४६ होती. २०१५-१६ मध्ये ३४ झाली. मात्र २०१९-२१ मध्ये हा आकडा ३५ होता. मिळविलेले आपोआप वाढत नाही.

२. घराचे काम : सरकार अंगणवाडी उघडील, परंतु घरातले ताट सरकार वाढीत नाही. सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेले खाणारी गरोदर सून आपल्या घरी आहे काय? बाळाला पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, नंतर दुधाबरोबर मऊ वरणभात, अंडे, भाजी मिळते काय? मुलीचे लग्न अठरा वर्षांपूर्वी उरकण्याची घाई होते काय? ही जबाबदारी एकट्या आईची नाही; बाप व सासू यांचीही आहे.

३. मंडळीचे काम : डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली जामखेड येथे काम सुरू केले. त्यांनी गावच्याच स्त्रियांना आरोग्यसेविका केले. त्यांतील कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. त्या घरोघर जाऊन गरोदर स्त्रियांची विचारपूस करीत आणि मुलांचे वजन पाहत. बालमृत्यू कमी झाले. मोठ्या इस्पितळावाचून जे साधले, ते आपल्या भगिनी मंडळाला अशक्य का असावे?

आपण बेळगावात असू किंवा इंदुरात, अंगणवाडी आपल्याही वस्तीत आहे. मुलाला मध्ये उभे करणे म्हणजे वर्षातून एकदा बालदिनी गाणे म्हणविणे नव्हे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत या वर्षी कोण गरोदर आहे? तिची चौकशी कोण करतो?
२. आपल्या घरी शेवटी कोण जेवते?
३. जवळच्या अंगणवाडीत मंडळीपैकी कोणी शेवटचे कधी गेले होते?