लाल सोलचे बूट आणि त्यांची नक्कल

कोल्हापूर

चि. सायलीस,


तू पाठवलेले दोन्ही फोटो पाहिले. एक जोड लुबुटाँचा, किंमत तुझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी. दुसरा मॉलमधला, तसाच टोकदार, तसाच लाल सोलचा, अडीच हजारांचा. दिसायला सारखे, मग जास्त पैसे कशाला मोजायचे, असं तू विचारतेस. माझा सगळा जन्म चपला-बुटांच्या धंद्यात गेला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या लाल रंगाची हकिकत आधी ऐक. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रेंच डिझायनर ख्रिश्चन लुबुटाँ यांना आपला एक नमुना निस्तेज वाटला. शेजारी त्यांची सहायक नखं रंगवत होती. तिचं नेलपॉलिश घेऊन त्यांनी सोल रंगवला आणि पुढे तोच त्यांचा शिक्का झाला. त्यावरून खटलेही झाले. २०१२ साली न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने लाल सोलवरचा त्यांचा हक्क मान्य केला, पण बुटाचा बाकीचा रंग वेगळा असेल तरच. त्याच वर्षी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयात झारा या कपड्यांच्या ब्रँडविरुद्ध त्यांच्या बाजूने निकाल लागला नाही. म्हणजे मिळतंजुळतं बनवणं कुठवर चालतं, यावर न्यायालयांचंही एकमत नाही. त्यामुळे मॉलमधला जोड घेतलास म्हणून तू काही गुन्हा करत नाहीस. मात्र रस्त्यावर ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून दुसऱ्याचं नाव छापलेला माल विकतात, तो घेऊ नकोस. ती सरळ लबाडी आहे.

आता घडणीबद्दल. नक्कल करणारा डोळ्यांना दिसतं तेवढंच उचलतो. उंच टाचेच्या बुटात टाच आणि चवडा यांच्यामधल्या कमानीखाली पोलादाची पट्टी असते, तिला शँक म्हणतात. सगळा तोल तिच्यावर. ती हलकी घातली की बूट मधेच वाकतो आणि पोटऱ्या भरून येतात. बूट हातात घेऊन वाकवून बघ. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, मध्ये नाही. टेबलावर ठेवून टाच हलव, डुगडुगली तर खाली ठेव. वरचं कातडं आहे की पीयू, म्हणजे कृत्रिम कातडं, हेही विचार. कातडं पायाप्रमाणे सैल होतं. पीयू होत नाही, आणि आपल्या दमट हवेत कपाटात पडल्या पडल्याही त्याचे पापुद्रे निघतात.

म्हणून महागडा घे, असं मी म्हणत नाही. त्या किमतीत कारागिरी आहे, पण नावाचे आणि दुकानाच्या थाटाचे पैसेही आहेत. शिवाय तो लाल रंग चालताना घासून जातो. तुमच्या पुण्याच्या फुटपाथवर तर लवकरच.

आणि बडं नाव म्हणजे अस्सल, हेही मनातून काढून टाक. जून २०२५मध्ये मिलानच्या शोमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने आपल्या कोल्हापुरीसारखीच चप्पल मॉडेलांच्या पायांत घातली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. इथे ओरड झाली, तेव्हा प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं कंपनीने मान्य केलं. वर्षअखेरीला महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिने करारही केला. कोल्हापुरी चप्पल बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याची. तळ चामड्याच्याच वादीने शिवायचा, वेणी हाताने विणायची. २०१९ साली दोन्ही राज्यांच्या मिळून आठ जिल्ह्यांना तिचं भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या कारागिरांच्या पोटावर प्राडाच्या आधीपासून पाय येतो आहे तो रेक्झिनच्या यंत्रावरच्या ‘कोल्हापुरी’मुळे. ती शहराशहरांत शे-दोनशेला मिळते आणि घेणारा पट्टा उलटून बघत नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं. मिलानच्या बातमीवर चिडलेल्या कितीजणांच्या पायांत खरी कोल्हापुरी होती?

तेव्हा माझं मत असं. हप्त्यावर लुबुटाँ घेऊ नकोस. मॉलमधला जोडही फक्त फोटोसारखा दिसतो म्हणून घेऊ नकोस. लग्नाच्या एका संध्याकाळपुरता हवा असेल आणि वर सांगितलेल्या परीक्षेत उतरला, तर खुशाल घे, पण तो वर्षानुवर्षं टिकेल अशी आशा ठेवू नकोस. रोजच्यासाठी मात्र चार-पाच हजारांत खऱ्या कातड्याचा, सोल बदलता येईल असा, कमी टाचेचा जोड बघ. नाव कुणाचंही असू दे.

खरेदीला संध्याकाळी जा. दिवसभराने पाय थोडा सुजलेला असतो, तेव्हाच खरं माप कळतं. दोन्ही पायांत घालून दुकानात चाल, विक्रेता कितीही घाई करू दे. आणि घेण्याआधी सोलचा आणि आतल्या अस्तराचा फोटो मला पाठव.

तुझा,
मामा