बाजाराची पिशवी

आमच्या लहानपणी बहुतेक घरांत दाराआड एक खुंटी असे आणि त्या खुंटीला एक कापडी पिशवी टांगलेली असे. बाजारास निघालेल्या माणसाचा हात आपोआप तिकडे जाई. तेल आणावयाचे असले तर घरूनच किटली नेत, दुधासाठी लोटी नेत. वाणी साखर, डाळ, पोहे कागदाच्या पुड्यांत बांधून देई. डोक्यावर टांगलेल्या रिळाचा दोरा ओढून तो पुडीभोवती असा झरझर गुंडाळी की, आम्ही मुले पाहतच राहत असू. घरी पुडी सोडली म्हणजे आजी तो दोरा गुंड्याला जोडून ठेवी आणि कागदाची घडी घालून ठेवी. फेकून द्यावे असे त्या खरेदीत फारसे काही उरतच नसे.

मुलांनो, हे सांगण्यात जुन्या काळाची थोरवी गाण्याचा माझा हेतू नाही. ते लोक आपल्याहून अधिक शहाणे होते, असे नव्हे. पैसे थोडे होते, म्हणून दोरासुद्धा जपला जाई. त्या रीतीत दोषही होते. छापील वर्तमानपत्राच्या शाईत शरीरास अपायकारक द्रव्ये असतात. म्हणून त्या कागदात खाण्याचे पदार्थ बांधणे बरे नव्हे, हे आज आपणांस ठाऊक झाले आहे. परंतु त्या काळी जे गरिबीने करविले, तेच आज समजून उमजून करण्याची वेळ आली आहे. ती का आली, हे पाहू.

पुढे बाजारात प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्या आल्या. त्या हलक्या, स्वस्त आणि पाण्याने न भिजणाऱ्या होत्या. दुकानदार त्या फुकट देऊ लागला आणि खुंटीवरची पिशवी हळूहळू विसरली गेली. परंतु जी वस्तू फुकट मिळते, तिची किंमत पुढे कोणाला तरी मोजावी लागते. दिनांक २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. एवढा पाऊस कोणत्याही शहरास जड गेला असता. त्यातच समुद्रास भरती होती आणि मिठी नदीचे पात्र आक्रसले होते. त्यात आणखी एका कारणाची भर पडली. पाणी वाहून नेणाऱ्या गटारांत आणि नाल्यांत पिशव्यांचे बोळे अडकून बसले होते. शेकडो माणसे त्या पुरात दगावली. बांगलादेशातही अशाच पिशव्यांनी पुराचे पाणी अडविले होते. म्हणून त्या देशाने २००२ सालीच पातळ पिशव्यांवर बंदी घातली. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्मोकोलची ताटे-वाट्या यांवर बंदी आणणारी अधिसूचना काढली. एकदा वापरून फेकून देण्याच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून सर्व देशात बंदी आली.

जाड डबा किंवा बादली फुटली तर भंगारवाला ती पैसे देऊन नेतो. मग पातळ पिशवी का नेत नाही? भंगार वजनावर विकले जाते आणि पिशवीचे वजन अवघे काही ग्रॅम असते. किलोभर माल जमविण्यास अशा शेकडो पिशव्या गोळा करून धुवाव्या लागतील. तेवढे श्रम कोणास परवडणार? म्हणून ती रस्त्यावरच राहते. तिच्यात उरलेले अन्न बांधून कोणी उकिरड्यावर टाकले तर गाय ते पिशवीसकट गिळते. ही पिशवी पचत नाही. जनावराच्या पोटात तिचा गोळा साठत जातो.

मात्र कापडी पिशवी घेतली म्हणजे सर्व झाले, अशी समजूत करून घेऊ नका. कापूस पिकविण्यास पुष्कळ पाणी लागते. सूत कातण्यास, कापड विणण्यास आणि रंगविण्यास श्रम व इंधन लागते. दर समारंभात मिळालेली नवी पिशवी कपाटात कोंबून ठेवली तर तीही उधळपट्टीच होय. जुन्या साडीची किंवा फाटलेल्या सदऱ्याची पिशवी शिवावी आणि ती विरेपर्यंत वापरावी, यातच तिचे सार्थक आहे.

पिशवी ही केवळ सुरुवात होय. पिशवीत काय घालावयाचे, हा खरा प्रश्न आहे. कोणतीही वस्तू विकत घेण्यापूर्वी मनाशी तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी.

पहिला प्रश्न असा : ही वस्तू मला खरोखर हवी आहे काय? जून महिना आला की नवे दप्तर, नवी कंपासपेटी आणि नव्या वह्या घेण्याची धांदल उडते. दप्तराचा केवळ बंद तुटला असेल तर मोची तो शिवून देईल. जुन्या वह्यांतील कोरी पाने काढून ती दाभणाने शिवली, की कच्च्या कामासाठी सुरेख वही होते. दुरुस्तीने पैसे वाचतात, ही तर गोष्ट आहेच. पण त्यामुळे आपल्याच गल्लीतील कारागिराच्या हातास काम मिळते, हे अधिक महत्त्वाचे आहे.

दुसरा प्रश्न असा : ही वस्तू कोणी आणि कशी तयार केली? बाजारातील वस्तू मुकी असते. तिच्यामागे कोणाचे कष्ट आहेत, हे ती सांगत नाही. ते आपणच विचारावे लागते. इंग्लंडमध्ये १७९१ साली असा प्रश्न हजारो घरांत विचारला गेला. तेथील चहात पडणारी साखर वेस्ट इंडीज बेटांवरून येई आणि तेथील उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून पळवून आणलेले गुलाम राबत. गुलामांचा व्यापार बंद करण्याचा प्रस्ताव त्या वर्षी संसदेने फेटाळला. तेव्हा असंख्य कुटुंबांनी ती साखर घेणेच सोडून दिले. यात मोठा वाटा स्त्रियांचा होता. त्यांना मत देण्याचा अधिकार नव्हता. पण घरात काय आणावयाचे, हे त्यांच्या हाती होते. तो व्यापार बंद करणारा कायदा १८०७ साली झाला आणि गुलामगिरी बंद करणारा १८३३ साली. एकट्या साखरेने हे घडले नाही. परंतु सामान्य माणसाच्या खरेदीतही बळ असते, हे त्या घरांनी दाखवून दिले.

आपल्या महाराष्ट्रातही असे उदाहरण आहे. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी यांस लोक ‘सार्वजनिक काका’ म्हणत. देशी विणकर उपाशी मरत असताना परदेशी कापड अंगावर घालावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले. १८७७ साली दिल्लीस मोठा दरबार भरला. तेथील भरजरी पोशाखांच्या गर्दीत काका जाड्याभरड्या खादीच्या वेषात गेले. अलीकडच्या काळात कैलाश सत्यार्थी यांनी गालिच्यांच्या धंद्यात राबणाऱ्या बालकांची सुटका केली. मुलांच्या श्रमाविना विणलेल्या गालिच्यांस विशेष चिन्ह देण्याची योजनाही त्यांच्या प्रयत्नांतून निघाली. २०१४ साली त्यांस शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. तुमच्याच वयाच्या मुलाच्या बोटांनी विणलेल्या गालिच्यावर तुम्हांस सुखाने बसवेल काय?

न्याय दोन्ही बाजूंनी हवा. वेष्टनावरील किंमत, वजन आणि तारीख वाचून घ्यावी; विजेची उपकरणे घेताना आय.एस.आय. व तूप-मसाल्यांसाठी ॲगमार्क हे चिन्ह पाहावे. पावती मागून घ्यावी. यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु एक विसंगती मी नेहमी पाहतो. काचेच्या मोठ्या दुकानात आपण छापील किंमत मुकाट्याने देतो आणि उन्हात बसलेल्या भाजीवाल्या आजींशी मात्र मेथीच्या जुडीसाठी दोन रुपयांवरून हुज्जत घालतो. चतुराई दाखवावयाचीच असेल तर ती दुबळ्यापुढे दाखवू नये.

तिसरा प्रश्न असा : वापरून झाल्यावर ही वस्तू कोठे जाईल? हा प्रश्न मी फार उशिरा शिकलो. तो कसा शिकलो, हे सांगताना मला आजही संकोच वाटतो.

एका रात्री माझ्या हातून काचेचा पेला फुटला. तुकडे केरसुणीने गोळा केले आणि भाजीची देठे होती त्याच बादलीत टाकून दिले. सकाळी कचरा नेणाऱ्या मावशी आल्या. ओला व सुका कचरा निवडण्यासाठी त्यांनी बादलीत हात घातला आणि त्यांच्या तोंडून वेदनेचा उद्गार निघाला. तळहातात काच खोल रुतली होती. मी घाईघाईने पाणी आणले, फडके बांधले. काय बोलावे, हे सुचेना.

“मावशी, अंधारात लक्षात आलं नाही हो,” मी कसेबसे म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. आवाज न चढविता त्या म्हणाल्या, “गुरुजी, कागदात गुंडाळून वर ‘काच’ एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. मला वाचता येतं.”

त्यांच्या हातास टाके घालावे लागले. आठवडाभर त्यांना काम करता आले नाही. औषधाचे आणि बुडालेल्या मजुरीचे पैसे मी दिले; पण ते शब्द माझ्या मनातून गेले नाहीत. ज्याने आयुष्यभर मुलांस लिहावयास शिकविले, त्याच्या हातून जेथे हवे होते तेथे एक शब्द लिहिला गेला नव्हता. कचरा ‘टाकला’, असे आपण म्हणतो. वस्तुतः तो आपण कोणाच्या तरी हाती देत असतो.

या हातांची योग्यता ओळखणारी माणसेही आहेत. पुण्यात १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. उकिरड्यातून कागद, काच आणि पत्रा वेचणारी माणसे भिकारी नव्हेत, ती श्रमिक आहेत, असे तिने ठामपणे सांगितले. त्यांना ओळखपत्रे मिळाली. पुढे २००८ साली याच श्रमिकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम करू लागली. वेचलेला कागद पुन्हा कागद होतो, पत्रा पुन्हा पत्रा होतो. मात्र कागदावर आमटी सांडलेली असली तर तो कशाच्याच उपयोगी पडत नाही. म्हणूनच ओले आणि सुके वेगळे ठेवावयाचे असते.

ओला कचरा तर घराबाहेर जाण्याचेही कारण नाही. तळाशी व बाजूंस भोके असलेल्या मातीच्या कुंडीत वाळलेली पाने पसरावीत. त्यांवर भाजीची देठे, फळांच्या साली टाकाव्यात आणि वर थोडी माती भुरभुरावी. मधून मधून ते हलवावे, म्हणजे हवा खेळती राहून दुर्गंधी येत नाही. दोन-तीन महिन्यांत काळेभोर खत तयार होते.

विजेचा आणि पाण्याचा हिशेब तुम्ही स्वतःच करून पाहा. साठ वॅटचा जुना दिवा रोज पाच तास जळला तर महिन्यास ९ युनिट वीज खर्च होते. जवळजवळ तेवढाच प्रकाश देणारा नऊ वॅटचा एल.ई.डी. दिवा दीड युनिटाहूनही कमी वीज घेतो. ठिबकणाऱ्या नळाखाली पेला ठेवा. तासाभरात दोनशे मिलिलिटरचा पेला भरला तर दिवसात चोवीस पेले, म्हणजे जवळजवळ पाच लिटर पाणी वाया गेले, असे होईल. नळाच्या चकतीस थोडेच पैसे पडतात. उणीव असते ती लक्ष देण्याची.

माझ्या घरात दाराआड अजूनही ती खुंटी आहे आणि तिला कापडी पिशवी टांगलेली आहे. मात्र त्या खुंटीखाली आता आणखी दोन वस्तू असतात : रद्दी कागदांचा लहानसा गठ्ठा आणि एक ठळक अक्षर उमटविणारी लेखणी. घरात काही फुटले तर तुकडे कागदात गुंडाळून त्यावर एक शब्द लिहावयाचा, असा नियम आहे. मावशी पुडके उचलतात, वाचतात आणि वेगळे ठेवतात. परवा माझ्या नातीने ‘काच’ या शब्दाखाली स्वतः होऊन आणखी एक ओळ लिहिली होती : ‘मावशी, सांभाळून.’

स्वाध्याय

१. एकेका वाक्यात उत्तरे लिहा :
(अ) आजी पुडीचा दोरा का जपून ठेवी?
(आ) भंगारवाला पातळ पिशव्या का नेत नाही?
(इ) सार्वजनिक काका दिल्लीच्या दरबारास कोणत्या वेषात गेले?

२. थोडक्यात उत्तरे लिहा :
(अ) कापडी पिशवीचे सार्थक कशात आहे, असे लेखक म्हणतो?
(आ) १७९१ साली इंग्लंडमधील कुटुंबांनी साखर घेणे का सोडले? त्यात स्त्रियांचा वाटा मोठा का होता?
(इ) “मला वाचता येतं,” हे मावशींचे शब्द लेखकाच्या मनास का लागले?

३. ‘बाजारातील वस्तू मुकी असते’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

४. पुढील शब्द वाक्यांत योजा : उधळपट्टी, विसंगती, हुज्जत, सार्थक, संकोच.

५. ‘टाकणे’ आणि ‘देणे’ या क्रियापदांतील भेद पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

६. उपक्रम : घरात एका आठवड्यात विकत आणलेल्या वस्तूंची यादी करा. प्रत्येक वस्तूपुढे पाठातील तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. ज्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, ते वडीलधाऱ्यांस किंवा दुकानदारास नम्रपणे विचारा.